पलटणीतून लोकल बोर्डात

वरळीच्या बी.डी.डी. चाळींत माणसाची ओळख नुसत्या नावाने पुरी होत नाही. नाव सांगून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "गाव कुठलं?" चाळीच्या मजल्यामजल्यावर, नळावर, जांबोरी मैदानाच्या कठड्यावर हा प्रश्न गेली शंभर वर्षे विचारला जात आहे. उत्तरे नाना प्रकारची येतात. घाटावरची येतात तशी कोकणातलीही येतात, आणि कोकणातल्या उत्तरांत काही नावे पुन्हा पुन्हा कानांवर पडतात: महाड, पोलादपूर, खेड, मंडणगड, दापोली. जरा अधिक चौकशी केली तर काही घरांतून आणखी एक वाक्य ऐकू येते, "आमचे पणजोबा पलटणीत होते."

या वाक्यात अभिमान असतो आणि थोडे कोडेही असते. पणजोबा पलटणीत होते, मग आजोबा गोदीत किंवा गिरणीत हमाली करायला का आले? ज्या घरात एकदा सुभेदाराची तलवार आली, त्या घराला दोन पिढ्यांनी एकशेसाठ चौरस फुटांची खोली का शोधावी लागली? या कोड्याचे उत्तर शोधू गेल्यास वाट महाडकडे जाते, तिथून दापोलीला, आणि अखेर एका निवृत्त शिपायापाशी येऊन थांबते. त्यांचे नाव गोपाळबाबा वलंगकर. आपल्या मध्यमवर्गीय घरांतून दापोली तालुका ओळखला जातो तो लोकमान्यांच्या चिखलगावामुळे, महर्षी कर्व्यांच्या मुरुडामुळे आणि साने गुरुजींच्या पालगडामुळे. त्याच मातीवर बसून गोपाळबाबांनी जे लिहिले आणि जे मागितले, त्याची आठवण मात्र आपल्यापैकी फार थोड्या घरांत आहे.

*हजेरीपटावरचे 'नाक'*

गोपाळबाबांचा जन्म १८४० च्या सुमारास महाडजवळच्या रावढळ या गावी एका महार कुटुंबात झाला. गावगाड्यात महाराची जागा वेशीबाहेर. काम गावकीचे, मोबदला बलुत्याचा, आणि तोही गावाच्या मर्जीवर. या गावगाड्यातून सुटण्याची एकच रुंद वाट त्या काळी कोकणातल्या तरुणाला मोकळी होती आणि ती होती इंग्रजांच्या मुंबई लष्कराची. गोपाळबाबा त्या वाटेने गेले.

ही वाट जुनी होती. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे झालेल्या लढाईच्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची जी नावे आहेत, त्यांत बावीस नावे 'नाक' या अक्षरांनी संपतात. हजेरीपटावरचे हे 'नाक' म्हणजे महार शिपायाची खूण. गावात ज्याची सावली चालत नसे, त्याचे नाव तिथे दगडात कोरले गेले.

पलटणीने या माणसांना बंदुकीखेरीज आणखी दोन गोष्टी दिल्या, आणि त्या बंदुकीहून टिकाऊ ठरल्या. पहिली गोष्ट म्हणजे शाळा. पलटणीत शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. ज्या काळी गावातल्या शाळेची पायरी चढणेही या मुलांना अशक्य होते, त्या काळी छावणीतली मुले आणि मुलीही अक्षरे गिरवीत होती. दुसरी गोष्ट म्हणजे पेन्शन. वरवर पाहता ही क्षुल्लक बाब वाटेल. पण बलुते गावाकडून येते आणि पेन्शन सरकारी तिजोरीतून येते, हा फरक ध्यानात घ्या. पेन्शनर शिपायाने गावाला न आवडणारा एखादा शब्द उच्चारला तर गाव त्याचे बलुते तोडू शकत नव्हते, कारण तोडायला हाती काही नव्हतेच. लिहिता येणारा आणि गावावर पोट अवलंबून नसलेला माणूस अशा रीतीने प्रथमच वेशीबाहेरच्या वस्तीत राहायला आला.

*सरहद्दीचे देणे*

आता थोडे दूर, वायव्य सरहद्दीकडे जावे लागेल. कारण कोकणातल्या या माणसांचे नशीब फिरले ते तिकडच्या डोंगरांत.

१८७८ ते १८८० या काळातल्या दुसऱ्या अफगाण युद्धात मुंबईच्या अनेक पलटणी कंदाहारच्या बाजूला लढत होत्या. १६ एप्रिल १८८० रोजी तिथल्या डबराई नावाच्या एका लहानशा ठाण्यावर मोठ्या टोळीने हल्ला केला. एकोणिसाव्या मुंबई पलटणीचा मेजर वॉडबी हा ठाणे न सोडता लढत राहिला आणि मारला गेला. मुंबईच्या फोर्ट भागातल्या एका रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले. आजचा हजारीमल सोमाणी मार्ग तो हाच. जुन्या पिढीतले लोक त्याला वॉडबी रोड म्हणून ओळखत. वॉडबीच्या स्मारकलेखात त्याच्याबरोबर पडलेल्या दोन शिपायांची नावेही आहेत. एकाचे नाव इलाहीबक्ष आणि दुसऱ्याचे सोननाक तानाक. नावाच्या शेवटी असलेले ते 'नाक' पुन्हा एकदा पाहा.

सरहद्दीवर रक्त सांडणाऱ्यांत ही माणसे होती. पण त्याच सरहद्दीने त्यांची नोकरी घालवली. अफगाण युद्धानंतर इंग्रज सरकारच्या मनात रशियाचे भय बसले. उद्याची लढाई वायव्येच्या खिंडींत होणार, असे लष्करी अधिकारी मानू लागले. कंदाहारच्या मोहिमेने नाव मिळवलेले लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापती होते. उत्तरेकडचे उंचेपुरे लोक तेवढे लढवय्ये, दक्षिणेकडचे लोक लढाईला निकामी, असे त्यांचे ठाम मत होते. 'लढाऊ जाती' आणि 'बिनलढाऊ जाती' अशी माणसांची वाटणी कागदावर झाली. १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद पडली. ज्या जातीची नावे कोरेगावच्या स्तंभावर आणि डबराईच्या लेखात होती, तिला 'लढण्याच्या लायकीची नाही' असा शेरा मिळाला.

या निर्णयात इथल्या जातिभेदाचाही वाटा होता. उच्च मानलेल्या जातींचे शिपाई अस्पृश्यांबरोबर राहायला नाखूष असत, आणि पलटणी जातवार बांधायच्या ठरल्यावर इंग्रजांना ती नाखुषी मोडून काढण्यापेक्षा तिच्यापुढे मान तुकवणे सोयीचे वाटले. गावाने दिलेला हुकूम लंडनच्या शिक्क्याने कायम झाला म्हणा ना!

*कॅम्प दापोलीतला पेन्शनर*

गोपाळबाबा १८८६ साली लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. दापोली ही एके काळची इंग्रजांची छावणी. 'कॅम्प दापोली' हे नाव तेव्हापासूनच पडले. हवा थंड, राहणी स्वस्त. त्यामुळे लष्करी पेन्शनरांची तिथे चांगलीच वस्ती झाली होती. पुढे सुभेदार रामजी सकपाळ हेही निवृत्तीनंतर आपले कुटुंब घेऊन काही काळ तिथेच राहिले. त्यांचा धाकटा मुलगा भीमराव तेव्हा अगदी लहान होता.

दापोलीत पेन्शनरांना जो अनुभव आला तो ध्यानात घेतल्याखेरीज गोपाळबाबांचे पुढचे आयुष्य समजणार नाही. पंचवीस-तीस वर्षे गणवेशात काढलेला, सलाम घेतलेला, चार मुलखांचे पाणी प्यालेला माणूस घरी येतो, आणि गावात पाऊल ठेवताच पुन्हा वेशीबाहेरचा होतो. विहीर बंद, देऊळ बंद. छावणीतल्या शाळेत शिकलेल्या माणसाच्या मुलांना गावच्या शाळेत घ्यावे म्हणून अर्ज करावे लागत होते. सरहद्द त्याने पाहिली होती. पण आपल्याच गावात आखलेली ही सरहद्द अधिक अवघड होती, कारण तिच्या पलीकडे शत्रू नव्हता, शेजारी होता.

अशा वेळी माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. कपाळाला हात लावून गप्प बसतो किंवा दारूच्या गुत्त्यावर जाऊन जुन्या लढायांच्या गोष्टी सांगतो. गोपाळबाबांनी तिसरीच गोष्ट केली. त्यांनी दौत-लेखणी जवळ केली.

जोतीराव फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. सत्यशोधक चळवळीचे 'दीनबंधु' हे पत्र त्या वेळी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे चालवीत होते. गोपाळबाबा त्यात लिहू लागले. आगरकरांचे 'सुधारक' १८८८ साली निघाले. त्यातही त्यांनी लेखन केले. त्याच वर्षी त्यांचे 'विटाळ विध्वंसन' छापून निघाले. नावातच सारे आले. आणि १८८९ साली त्यांनी एक 'विनंतिपत्र' काढले. ते होते धर्ममार्तंडांना उद्देशून. अस्पृश्यता कोणत्या शास्त्रात सांगितली आहे, ती कशी उत्पन्न झाली, तिला आधार काय, असे प्रश्न त्यांनी त्यात विचारले.

या शब्दाची मला नेहमी मौज वाटते. 'विनंतिपत्र'! मी मराठीची अध्यापिका, तेव्हा शब्दांपाशी थबकणे हा माझा धंदाच. विनंती हा नम्र शब्द आहे. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचा शब्द आहे. पण इथे विनंतीच्या वेषात उलटतपासणी आली आहे. ज्यांना आजवर फक्त आज्ञा करायची सवय होती त्यांच्यापुढे लेखी प्रश्न ठेवून उत्तर मागायचे, ही रीत लष्करी माणसाला शोभणारीच होती. पलटणीत वरिष्ठाशी भांडता येत नाही, पण रीतसर अर्ज करता येतो, आणि रीतसर अर्जाला उत्तर द्यावे लागते. गोपाळबाबांनी तोच कायदा धर्माला लावून पाहिला.

दापोलीत त्यांनी 'अनार्य दोष परिहार मंडळी' स्थापन केली. अस्पृश्य म्हणवले गेलेले लोक हे या भूमीचे मूळ रहिवासी अनार्य, आणि जातिभेद ही जेत्यांनी केलेली व्यवस्था, हा फुल्यांचा विचार त्यामागे होता. आजच्या संशोधनाच्या कसोटीवर त्यातले वंशविषयक तर्क सगळेच टिकणारे नाहीत. पण त्या काळी 'तुमची ही स्थिती तुमच्या पूर्वजन्मीच्या पापाने झाली' असे ऐकत आलेल्या माणसाला 'नाही, ती माणसांनी केली आणि माणसांना मोडता येईल' असे सांगणारा तो पहिलाच सिद्धांत होता. त्याचे मोल निराळे आहे.

*अर्ज*

भरती बंद झाल्यावर पेन्शनरांच्या वस्तीत काय कालवाकालव झाली असेल ती कल्पनेनेच जाणावी. प्रश्न केवळ नोकरीचा नव्हता. पलटण गेली की शाळा गेली, पेन्शन गेली, आणि पुढची पिढी पुन्हा गावकीच्या दाव्याला बांधली जाणार, हे उघड होते. एका पिढीने चढलेला जिना खालून कोणी तरी काढून घेत होते.

१८९४ साली गोपाळबाबांनी मंडळीच्या वतीने लष्करी अधिकाऱ्यांसाठी एक अर्ज तयार केला. महारांनी केलेल्या सेवेचा इतिहास त्यात मांडला आणि भरती पुन्हा सुरू करावी अशी मागणी केली. आणि गंमत अशी की, मंडळीच्या नावात 'अनार्य' शब्द मिरवणाऱ्या गोपाळबाबांनी या अर्जात आपल्या जातीचे मूळ क्षत्रियांत असल्याचे सांगितले. कोणी याला विसंगती म्हणेल. मला तसे वाटत नाही. समोरचा माणूस ज्या भाषेत माणसाची किंमत ठरवतो, त्या भाषेत त्याच्याशी बोलावे लागते. लष्कर वंश आणि कुळी विचारीत होते, म्हणून कुळी सांगितली. आपल्या माणसांशी बोलताना ते वेगळी भाषा बोलत. राजकारण म्हणतात ते इथूनच सुरू होते.

सुभेदार रामजींनीही याच कामी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घेतल्याचे धनंजय कीर यांनी आंबेडकर-चरित्रात लिहिले आहे. पण अर्जांनी दार उघडले नाही. १९१० साली पुण्याच्या शिवराम जानबा कांबळ्यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. तरी उघडले नाही. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा कोठे १९१७ साली महारांची एक पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच काही वर्षांत तीही मोडली.

मात्र १८९५ साली एक वेगळी घटना घडली. सरकारने गोपाळबाबांची महाड तालुका लोकल बोर्डावर सभासद म्हणून नेमणूक केली.

आज पंचायत, नगरपालिका, आरक्षण हे शब्द आपल्या अंगवळणी पडले आहेत. म्हणून या नेमणुकीचा अर्थ चटकन लक्षात येत नाही. लॉर्ड रिपनच्या धोरणानंतर १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डाचा कायदा झाला. तालुक्यातले रस्ते, विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा यांचा कारभार या बोर्डाकडे आला. म्हणजे पाहा, ज्या विहिरीवर गोपाळबाबांना पाणी भरता येत नव्हते आणि ज्या शाळेत त्यांच्या वस्तीतल्या मुलांना बसता येत नव्हते, त्यांच्याच कारभाराच्या बैठकीत ते आता सभासद होते. उच्चवर्णीयांना ही नेमणूक रुचली नाही, हे सांगायला नकोच. अस्पृश्य शिपाई सरहद्दीवर चालत होता, पण तालुक्याच्या कचेरीत चालणे कठीण होते.

बोर्डातल्या या जागेने रातोरात काही बदलले असे नाही. पाच वर्षांनी, १९०० साली, गोपाळबाबा वारले. भरती बंदच होती. विहिरी बंदच होत्या. हिशेबी माणूस म्हणेल, काय मिळवले? एक पुस्तक, काही लेख, निष्फळ ठरलेला अर्ज, आणि बोर्डातली एक नकोशी जागा.

*महाड, बत्तीस वर्षांनी*

पण चळवळीचा हिशेब असा वर्षअखेरीला बंद करून चालत नाही.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांनी ठराव आणला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. आपल्या दादरच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे तेच हे बोले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. मग १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला परिषद भरली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याली.

त्या परिषदेला आलेल्यांत निवृत्त लष्करी पेन्शनर पुष्कळ होते. बाबासाहेबांनी आपल्या भाषणात या भागातल्या लष्करी पेन्शनरांच्या जुन्या वैभवाची आठवण काढली, आणि लष्कराचे दार बंद झाल्याने समाजाची कशी पीछेहाट झाली ते सांगितले. परिषदेच्या मागे धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे हे महाड-दासगावचेच तरुण. गोपाळबाबांच्या प्रभावाखाली आलेल्या माणसांच्याच मांडीवर ते वाढले होते. बत्तीस वर्षांपूर्वी ज्या गावच्या बोर्डात एका माणसाने बसण्याचा हक्क घेतला, त्याच गावच्या तळ्यावर हजारोंनी ओंजळ भरण्याचा हक्क घेतला. हा योगायोग नव्हे. जमीन आधी नांगरलेली होती.

लष्कराचे दारही उघडले. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. आणि या रेजिमेंटच्या पहिल्या व तिसऱ्या बटालियनने युद्धकाळात सेवा केली ती वायव्य सरहद्द प्रांतात! ज्या डोंगरांचे नाव सांगून नालायकीचा शेरा मारला होता, तिथेच ही माणसे पुन्हा पहाऱ्यावर उभी राहिली. पुढे स्वतंत्र भारताचे दोन सरसेनापती, जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी, हे याच रेजिमेंटचे अधिकारी होते.

*घरातला जुना कागद*

आता आरंभीच्या कोड्याकडे येऊ. पणजोबा पलटणीत आणि आजोबा गोदीत का? पलटणीचे दार बंद झाल्यावर महाड-दापोलीच्या मुलाला उरले होते ते मुंबईचे दार. तो दासगावच्या बंदरातून गलबताने आला, बोटीने आला, पायी आला. गिरण्यांत आला तरी मागाच्या खात्यात त्याला शिरू देत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती तिथेही होती. मग गोदी, रेल्वे, म्युनिसिपालिटी. आणि राहायला, १९२० नंतरच्या काही वर्षांत सरकारने बांधलेल्या या बी.डी.डी. चाळी. एकट्या वरळीत त्या १२१. प्रत्येक इमारतीत ऐंशी खोल्या.

मी दरवर्षी वर्गाला एक निबंध घालते, 'आमच्या घरातला सर्वांत जुना कागद'. कोणी पणजीची पत्रिका आणते, कोणी जमिनीचा सातबारा. काही वर्षांपूर्वी वरळीच्या एका मुलीने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक पिवळा कागद आणला होता. पलटणीतून मोकळे केल्याचा दाखला. घड्यांवर फाटलेला, इंग्रजी अक्षरे पुसट झालेली. "घरात कुणाला हा वाचता येत नव्हता बाई, पण तीन घरं बदलली तरी टाकला नाही," ती म्हणाली. त्या मुलीच्या निबंधाला किती गुण दिले ते विसरले. कागद विसरले नाही.

आता चाळी जात आहेत. उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांच्या हाती नव्या घरांच्या किल्ल्या आल्या. नव्या घराला स्वतंत्र न्हाणीघर आहे, उद्वाहन आहे, उजेड आहे. आनंदच आहे. सामान हलवताना पुष्कळ जुनेपाने टाकून द्यावे लागते, तेही खरे. एवढेच सांगावेसे वाटते की, ट्रंकेच्या तळाशी एखादा घडीवर फाटलेला कागद निघाला तर तो रद्दीत घालू नका. आणि ज्यांच्या घरी असा कागद नाही, त्यांनी दापोलीला गेल्यावर समुद्र पाहून झाला की कॅम्पाच्या जुन्या रस्त्यावरून एक फेरी मारावी.

इतिहासात लढाया जिंकणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत येतात. गोपाळबाबांनी एकही लढाई जिंकली नाही. त्यांनी प्रश्न लेखी केला. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते, माफ होते, विसरले जाते. लेखी प्रश्न मात्र उत्तर मिळेपर्यंत दप्तरात पडून राहतो, आणि तो विचारणारा माणूस गेल्यावरही विचारीत राहतो. त्यांच्या विनंतिपत्राला धर्ममार्तंडांनी उत्तर दिले नाही. १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या संविधानाच्या सतराव्या कलमाने ते दिले. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे, असे ते कलम सांगते. कागदावरचे उत्तर आले. ते घराघरांत, आळीआळीत, पाणवठ्यावर खरे करून दाखवणे हे मात्र आपल्याकडे, तुमच्यामाझ्याकडे, अजून बाकी आहे.